प्रारणजन्य हानी, अणुकेंद्रीय धातूंतील

अणुकेंद्रीय विक्रियकात (अणुभट्टीत) वापरलेल्या धातूंवर वेगवान न्यूट्रॉनांचा सतत मारा झाल्याने त्यांच्या स्फटिकरचनेत जे बदल होतात व त्यांमुळे धातूचे आकारमान, बल, तन्यता (न तुटता ताणले जाण्याची क्षमता) इ. गुणधर्मांत जो फरक पडतो, त्यास प्रारणजन्य हानी असे म्हणतात. ही हानी गंजाप्रमाणे पृष्ठभागी दिसत नाही, की झिजेप्रमाणे हाताला जाणवत नाही. ती धातूच्या अंतरंगात, काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश भाग) अंतराच्या पातळीवर घडते आणि बहुधा पुष्कळ वर्षांनंतर, एखादी नळी वाकली किंवा चाचणीचा नमुना ठिसूळपणे मोडला म्हणजे लक्षात येते. विक्रियकातील इंधनाची आवरणे व काही प्रकारच्या विक्रियकांतील नळ्या बदलता येतात. परंतु ज्या जाड पोलादी दाबपात्रात विक्रियकाचा गाभा बसविलेला असतो, ते सहसा बदलता येत नाही. त्यामुळे विक्रियक किती वर्षे सुरक्षितपणे चालवावा हा प्रश्न अखेर धातूतील अणूंच्या मांडणीच्या प्रश्नाशी येऊन ठेपतो.

या विषयाच्या इतिहासात एक दिशा स्पष्ट दिसते. आरंभी, किती अणू जागचे हलले याची मोजदाद म्हणजेच हानीचे मोजमाप, असे मानले जात होते. पुढे असे आढळून आले की, हललेल्या अणूंपैकी बहुतेक अणू जालकातील कोणत्या ना कोणत्या रिकाम्या जागी पुन्हा बसतात. जे थोडे दोष शिल्लक राहतात ते कोठे जाऊन साठतात, यावर धातूचे भवितव्य अवलंबून असते आणि ते ठरविण्यात धातूतील अत्यल्प अशुद्धींचा मोठा वाटा असतो. विचारांतील हा बदल केवळ सैद्धांतिक संशोधनाने झाला नाही. चालू विक्रियकांत आलेल्या अनपेक्षित अनुभवांनी तो घडवून आणला.

पहिली पूर्वसूचना : शिकागो येथे २ डिसेंबर १९४२ रोजी मानवनिर्मित अणुकेंद्रीय साखळी विक्रिया प्रथमच साध्य झाली. त्याच वर्षी तेथील प्रकल्पात काम करणारे भौतिकीविज्ञ यूजीन विग्नर यांनी असे दाखवून दिले की, भंजनातून (अणुकेंद्र फुटण्याच्या क्रियेतून) निघणारे वेगवान न्यूट्रॉन मंदायकातील (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणाऱ्या पदार्थातील) अणूंवर आदळून त्यांना स्फटिकातील जागेवरून ढकलून देतील. मंदायक म्हणून त्या वेळी ग्रॅफाइट वापरीत असत. ग्रॅफाइट हा धातू नव्हे, तथापि प्रारणजन्य हानीचे पहिले धडे त्यानेच दिले. अमेरिकेतील हॅनफर्ड येथील पहिला मोठा विक्रियक सप्टेंबर १९४४ मध्ये सुरू झाला. काही काळातच त्यातील ग्रॅफाइट फुगू लागले व इंधनाच्या नळ्या वाकू लागल्या. परिणामी १९४६ मध्ये तो विक्रियक राखीव ठेवण्यासाठी बंद करण्यात आला. विस्थापित अणूंमध्ये ऊर्जाही साठून राहते. ब्रिटनमधील विंडस्केल येथे ही साठलेली ऊर्जा ग्रॅफाइट मुद्दाम तापवून अधूनमधून बाहेर काढीत असत. ऑक्टोबर १९५७ मध्ये अशीच प्रक्रिया चालू असताना पहिल्या क्रमांकाच्या विक्रियकाला आग लागली. किरणोत्सर्गी आयोडीन आसपासच्या प्रदेशात पसरले, सु. ५०० चौ. किमी. क्षेत्रातील दूध टाकून द्यावे लागले आणि तेथील दोन्ही विक्रियक कायमचे बंद झाले. अणूंचे विस्थापन ही केवळ भौतिकीतील जिज्ञासेची बाब नाही, हे या घटनेने सर्वांच्या निदर्शनास आणले.

विस्थापनांची मोजदाद : स्फटिकातील अणू जागेवरून कायमचा हलविण्यास सु. २५ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागत असावी, असा अंदाज फ्रेडरिक साइट्स यांनी १९४९ मध्ये मांडला. लोखंडासाठी हल्ली ४० इलेक्ट्रॉन व्होल्ट हे मूल्य घेतात. याउलट १० लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन लोखंडाच्या अणूवर समोरासमोर आदळल्यास त्या अणूस सु. ७०,००० इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत ऊर्जा मिळू शकते. असा अणू शेजारच्या अणूंना ढकलतो, ते आणखी अणूंना ढकलतात आणि एका आघातातून शेकडो विस्थापने होतात. या मालिकेस विस्थापन-प्रपात म्हणता येईल. प्रत्येक विस्थापनामुळे जालकात एक जागा रिकामी पडते, तिला रिक्तिका म्हणतात व बाहेर पडलेला अणू इतर अणूंच्या दाटीत कोठेतरी शिरतो, त्यास आंतरालीय अणू म्हणतात. या प्रपाताचा हिशेब करण्याचे सोपे सूत्र किंचिन व पीझ यांनी १९५५ मध्ये दिले. त्यात सुधारणा करून नॉर्जेट, रॉबिन्सन व टॉरेन्स यांनी १९७५ मध्ये मांडलेली रीत अद्यापही प्रमाण मानली जाते. तिच्यामुळे ‘दर अणूमागे विस्थापने’ हे एकक रूढ झाले.

या एककातील आकडे प्रथमदर्शनी अविश्वसनीय वाटतात. दाबयुक्त पाण्याच्या विक्रियकातील दाबपात्राच्या भिंतीत ४० वर्षांच्या सेवेतही दर अणूमागे सु. ०·१ वा त्याहून कमी विस्थापने होतात. परंतु द्रुत प्रजनक विक्रियकातील इंधन-आवरणाच्या पोलादात ती १०० च्याही पुढे जाऊ शकतात. याचा अर्थ, त्या पोलादातील प्रत्येक अणू सरासरीने शंभर वेळा आपल्या जागेवरून हुसकावला जातो आणि तरीही ती नळी नळीच राहते. असे का होते याचे उत्तर संगणकामुळे मिळाले. जॉर्ज व्हिनयार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रुकहॅव्हन येथे १९६० मध्ये तांब्याच्या लहानशा स्फटिकातील अणूंच्या हालचाली संगणकावर पायरीपायरीने गणित करून दाखविल्या. पुढील काळातील अशा गणितांवरून असे दिसून आले की, मोठ्या प्रपातातील बहुतेक रिक्तिका व आंतरालीय अणू काही पिकोसेकंदांत (१ पिकोसेकंद = सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) एकमेकांना भेटून नाहीसे होतात. प्रमाण रीतीने काढलेल्या संख्येच्या सु. एकतृतीयांश दोषच त्यातून वाचतात. उरलेल्यांपैकीही पुष्कळ दोष धातूच्या उष्णतेमुळे फिरता फिरता कालांतराने नष्ट होतात. विस्थापन म्हणजे हानी नव्हे. हानी म्हणजे या दुरुस्तीतून निसटलेला शेष होय.

युरेनियमाची वाढ : हा शेष कोणते रूप घेतो, याचे ठळक उदाहरण धातुरूप युरेनियमाच्या इंधनात प्रथम दिसले. सामान्य तापमानाला युरेनियमाचा स्फटिक तिन्ही अक्षांवर सारखा नसतो. भंजनामुळे निर्माण झालेले दोष त्यात एका दिशेच्या पातळ्यांवर अधिक साठतात, त्यामुळे स्फटिक एका अक्षाच्या दिशेने लांब होतो, दुसऱ्याच्या दिशेने आखूड होतो आणि तिसरा अक्ष जवळजवळ तसाच राहतो. घनफळ फारसे न बदलता आकार मात्र बदलतो. लाटून किंवा दाबून बनविलेल्या गजात सर्व स्फटिककणांचा कल एकाच बाजूला असल्यास संपूर्ण गज लांबतो आणि कण मोठे असल्यास त्याच्या पृष्ठभागावर सुरकुत्या येतात.

ब्रिटनमध्ये ॲलन कॉट्रेल यांनी या वाढीचा एक निराळाच परिणाम ओळखला. गजातील प्रत्येक कण वेगवेगळ्या दिशेने वाढू पाहत असल्यामुळे कणांमध्ये आपापसांत मोठे प्रतिबल सतत निर्माण होत राहते. अशा अवस्थेतील धातूवर बाहेरून अगदी अल्प भार पडला तरी तो हळूहळू वाहू लागेल, असा त्यांचा तर्क होता. विक्रियकात ठेवलेल्या युरेनियमावर प्रयोग करून कॉट्रेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये तो खरा करून दाखविला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉल्डर हॉल येथील वीज केंद्राचे उद्‌घाटन होणार असल्याने या निष्कर्षाला तातडीचे महत्त्व होते. कारण उभ्या रचलेल्या इंधन गजांवर त्यांचे स्वतःचे वजनही भार ठरू शकत होते. गज सु. ६७०° से. च्या वर तापवून झटकन थंड केल्यास कण बारीक होतात व त्यांचे कल विखुरतात, तसेच थोडे ॲल्युमिनियम व लोह मिसळल्यास फुगणे आटोक्यात येते, असे उपाय निघाले. वीजनिर्मितीच्या बहुतेक विक्रियकांत पुढे धातूऐवजी युरेनियम डाय-ऑक्साइड वापरले जाऊ लागले.

दोषांचे प्रत्यक्ष दर्शन : येथवर दोषांविषयीचे सर्व ज्ञान अप्रत्यक्ष होते. धातू वाकतो तो त्यातील स्थानभ्रंश नावाच्या रेषारूप दोषांच्या सरकण्यामुळे, ही कल्पना टेलर, ओरोवान व पोलान्यी यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली होती. हे स्थानभ्रंश इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली १९५६ मध्ये केंब्रिज येथे हर्श, हॉर्न व व्हीलन यांना आणि जिनीव्हा येथे बोलमान यांना दिसले. १९५९ मध्ये सिलकॉक्स व हर्श यांनी न्यूट्रॉनांचा मारा झालेल्या तांब्याचे पातळ पापुद्रे तपासले व त्यांत स्थानभ्रंशांची बारीक कडी दाखवून दिली. रिक्तिका किंवा आंतरालीय अणू एकत्र येऊन चकतीसारखे थर बनतात आणि त्या थराची कडा म्हणजे हे कडे होय. अशी कडी सरकत्या स्थानभ्रंशांच्या वाटेत अडथळे होतात, म्हणून धातू कठीण होतो व त्याची तन्यता घटते. सूक्ष्मरचना आणि यांत्रिक गुणधर्म यांचा दुवा अशा रीतीने डोळ्यांना दिसू लागला.

पोलादातील पोकळ्या : या नव्या साधनाने लवकरच एक धक्कादायक शोध लागला. स्कॉटलंडमधील डाउनरे येथील द्रुत विक्रियक १९५९ पासून चालू होता. त्यातून काढलेल्या अगंज पोलादाच्या इंधन-आवरणांचे परीक्षण करताना कॉथॉर्न व फुल्टन यांना पोलादाच्या आत असंख्य सूक्ष्म पोकळ्या आढळल्या. त्यांचा वृत्तांत १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. ढोबळमानाने ३५०° ते ६००° से. या टप्प्यात पोलाद अशा तऱ्हेने आतून सच्छिद्र होते आणि त्याच प्रमाणात बाहेरून फुगते. द्रुत प्रजनक विक्रियकांचे त्या वेळचे आराखडे पोलाद फुगणार नाही असे गृहीत धरून केलेले होते. गाभ्यातील शेकडो इंधनसंच एकमेकांना खेटून उभे असतात आणि त्यांच्यामधून द्रवरूप सोडियम वाहत असते. पोलादाचे घनफळ शेकडा काही भागांनी वाढले तरी संच वाकतात, एकमेकांत अडकतात व शीतकाची वाट अरुंद होते. म्हणून इंधन किती काळ गाभ्यात ठेवावे, हे इंधनाऐवजी त्याच्या आवरणावरून ठरू लागले.

रिक्तिका व आंतरालीय अणू नेहमी जोडीनेच जन्मतात. मग रिक्तिकाच शिल्लक का राहाव्यात? या प्रश्नाच्या उत्तराचे बीज ग्रीनवुड, फोरमन व रिमर यांच्या १९५९ मधील विवेचनात होते. स्थानभ्रंशाभोवतीचे जालक ताणलेले असते व ते आंतरालीय अणूंना रिक्तिकांपेक्षा किंचित अधिक ओढून घेते. हा पक्षपात अगदी थोडा असला, तरी अब्जावधी घटनांत त्याची बेरीज होते आणि मागे राहिलेल्या रिक्तिका एकत्र येऊन पोकळ्या बनवितात. न्यूट्रॉनांच्या विक्रियांमुळे पोलादातील निकेल व बोरॉन यांपासून हीलियम वायू तयार होतो. तो या पोकळ्यांना आरंभी आधार देतो. कारण समजल्यावर उपाय सुचले. पोलाद थंड स्थितीत ओढून त्यात आधीच पुष्कळ स्थानभ्रंश निर्माण करणे, टिटॅनियम मिसळून त्याच्या कार्बाइडाचे बारीक कण हीलियमासाठी सापळे म्हणून वापरणे आणि निकेल जवळजवळ नसलेली क्रोमियमयुक्त पोलादे निवडणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. विक्रियकात अनेक वर्षे लागणारी हानी कणवेगवर्धकातील जड आयनांच्या माऱ्याने काही तासांत वा दिवसांत घडवून आणण्याची रीतही याच गरजेतून वाढीस लागली.

झिर्कोनियमाच्या नळ्या : पाण्याने थंड होणाऱ्या विक्रियकांत आवरणासाठी झिर्कोनियमाचे मिश्रधातू वापरतात, कारण हा धातू न्यूट्रॉन फार कमी शोषतो. त्याचा स्फटिक षट्‌कोनी असल्याने युरेनियमाप्रमाणे त्यातही दिशाभेद असतो. बाहेरून कोणताही भार नसताना नळी लांब होते आणि दाबाखाली ती संथपणे पसरते व खाली झोळते. ज्या विक्रियकांत जड पाणी मंदायक असते, त्यांत एका मोठ्या दाबपात्राऐवजी शेकडो आडव्या दाबनळ्या असतात. प्रत्येक नळी बाहेरच्या एका थंड नळीत बसविलेली असते व दोहोंमध्ये अंतर राखण्यासाठी वेटोळ्या कमानी असतात. कॅनडातील पिकरिंग केंद्राच्या दुसऱ्या विक्रियकात १ ऑगस्ट १९८३ रोजी अशी एक नळी फुटली. कमानी मूळ जागेवरून सरकल्या होत्या, झोळलेली तप्त नळी बाहेरच्या थंड नळीला टेकली होती आणि टेकलेल्या जागी धातूतील हायड्रोजन गोळा होऊन ठिसूळ हायड्राइडाचे फोड आले होते. विक्रियक सुरक्षितपणे बंद करता आला, परंतु पहिल्या दोन विक्रियकांतील सर्व नळ्या बदलाव्या लागल्या. त्यानंतर जुन्या झिर्कॅलॉय-२ ऐवजी २·५ टक्के निओबियम असलेला व हायड्रोजन कमी शोषणारा मिश्रधातू सर्वत्र पसंत केला गेला. येथे न्यूट्रॉनांनी एकट्याने नळी फोडली नाही. त्यांनी ती वाकविली आणि पुढील काम हायड्रोजनाने केले. प्रारणजन्य हानी बहुधा अशी दुसऱ्या एखाद्या कारणाच्या सोबतीने घातक ठरते.

दाबपात्राचा ठिसूळपणा : नळ्या बदलता येतात, परंतु दाबयुक्त पाण्याच्या विक्रियकाच्या दाबपात्राबाबत तो मार्ग नसतो. त्याची भिंत सु. २० सेंमी. जाड असते व वजन काही शे टन असते. सामान्य पोलाद उष्ण असताना चिवट व थंड असताना ठिसूळ असते. एका ठराविक तापमानाच्या टप्प्यात हे स्थित्यंतर होते. दुसऱ्या महायुद्धात वितळजोड करून बांधलेली काही लिबर्टी जहाजे थंड पाण्यात एकाएकी दुभंगली, तेव्हा या गुणधर्माचे गांभीर्य कळले होते. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पोलादाचे हे स्थित्यंतर-तापमान वर सरकते, म्हणजे जे पोलाद नवे असताना थंडीतही चिवट होते, ते जुने झाल्यावर कोमट अवस्थेतही ठिसूळ ठरू शकते. हे ध्यानात घेऊन दाबपात्राच्या आतल्या बाजूस त्याच पोलादाचे नमुने पेट्यांत घालून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. काही वर्षांनी पेटी काढून नमुने शार्पी चाचणीने, म्हणजे लंबकाच्या आघाताने मोडून पाहतात. नमुने भिंतीपेक्षा गाभ्याच्या अधिक जवळ असल्यामुळे भिंतीचे भविष्य ते काही वर्षे आधी सांगतात.

सारखीच विस्थापने झालेली दोन पोलादे मात्र सारखी ठिसूळ होत नसत. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील कार्यातून १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस याचे कारण स्पष्ट झाले. मुख्य दोषी तांबे व काही प्रमाणात फॉस्फरस होते. त्या काळी वितळजोडाच्या तारेला गंज चढू नये म्हणून तांब्याचा पातळ मुलामा देत असत. तो जोडात मिसळून तेथील तांब्याचे प्रमाण ०·२ ते ०·४ टक्क्यांपर्यंत जाई. विक्रियकाच्या सु. २९०° से. तापमानाला लोखंडात इतके तांबे विरघळून राहू शकत नाही, परंतु त्याच्या अणूंना हलण्यास वाव नसल्याने ते विखुरलेलेच राहते. न्यूट्रॉनांमुळे रिक्तिका निर्माण झाल्या की हे अणू जागा बदलू लागतात व एकत्र येऊन दोन-तीन नॅनोमीटर आकारमानाचे पुंज बनवितात. हे पुंज स्थानभ्रंशांना अडवितात, पोलाद कठीण होते आणि कठीणपणाबरोबर ठिसूळपणा येतो. शेकडा पाव भाग तांबे दाबपात्राचे आयुष्य ठरविते, हे कळल्यावर तांब्याच्या मुलाम्याची तार बंद झाली व नव्या पोलादातील तांब्यावर कडक मर्यादा आली. मात्र आधी बांधलेली दाबपात्रे तशीच होती.

या ज्ञानाची निकड २० मार्च १९७८ रोजी कॅलिफोर्नियातील रँचो सेको केंद्रात प्रत्ययास आली. नियंत्रण फलकावरील छोटा दिवा बदलताना तो आत पडला, विद्युत मंडलात बिघाड झाला आणि अनेक मापनयंत्रांचा पुरवठा तुटला. त्यापाठोपाठ विक्रियकातील पाणी सु. एका तासात ३००° से. च्या आसपासून सु. १४०° से. पर्यंत थंड झाले, दाब मात्र उच्च राहिला. दाबपात्र नवे असल्याने त्यास काही झाले नाही. तेच पात्र जुने व तांबेयुक्त जोडांचे असते तर काय झाले असते, या प्रश्नाने १९८५ मध्ये अमेरिकेत स्थित्यंतर-तापमानाची मर्यादा ठरविणारा नियम आणला. मॅसॅचूसेट्स राज्यातील यांकी रो हे वीज केंद्र या प्रश्नावरच संपले. १९६० मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या दाबपात्राचे तापमान इतरांपेक्षा कमी असल्याने दोषांची आपोआप होणारी दुरुस्ती तेथे कमी होत होती आणि गाभ्यासमोरील जोडांत नेमके किती तांबे आहे, याची नोंद उपलब्ध नव्हती. पात्र सुरक्षित आहे असे खात्रीने सिद्ध करता येईना. १९९१ मध्ये केंद्र थांबविण्यात आले व फेब्रुवारी १९९२ मध्ये ते कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. पात्रास तडा गेलेला नव्हता. तीस वर्षांपूर्वीची एक नोंद नव्हती.

दुसरा मार्ग सोव्हिएट संघात अवलंबिण्यात आला. तेथील जुन्या विक्रियकांच्या जोडांत फॉस्फरस अधिक होते. नोव्होव्होरोनेझ येथील तिसऱ्या विक्रियकाच्या दाबपात्राचा जोड १९८७ मध्ये विजेच्या तापकांनी ४००° से. हून अधिक तापवून काही दिवस तसाच ठेवण्यात आला. या अनुशीतनामुळे (तापवून गुणधर्म पूर्ववत करण्याच्या क्रियेमुळे) पोलादाचा चिवटपणा मोठ्या अंशी परत आला. पुढे पूर्व यूरोपातील इतर काही विक्रियकांवरही ही क्रिया करण्यात आली. बेल्जियममधील मॉल येथील एका लहान विक्रियकावर ती त्याआधी, १९८४ मध्ये, कमी तापमानाला झाली होती.

भारतातील कार्य : भारतात या विषयाचा अभ्यास ट्राँबे येथे रुजला. अप्सरा हा विक्रियक ४ ऑगस्ट १९५६ रोजी व सायरस १९६० मध्ये कार्यान्वित झाला. सायरसचे इंधन ॲल्युमिनियमाच्या आवरणातील धातुरूप युरेनियमाचे होते. ते येथेच बनविण्याच्या प्रयत्नात ब्रह्म प्रकाश यांच्या नेतृत्वाखालील धातुविज्ञांना कणांचा कल व उष्णतासंस्करण यांच्या प्रश्नांशी प्रत्यक्ष सामना करावा लागला. तारापूर येथील पहिले दोन विक्रियक १९६९ मध्ये वीज देऊ लागले. ते उकळत्या पाण्याच्या प्रकारचे असल्याने त्यांना पोलादी दाबपात्रे आहेत. त्यांत ठेवलेले नमुने काढून त्यांच्या चाचण्या ट्राँबे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या जाड भिंतींच्या उष्ण कोठड्यांत करण्यात आल्या आहेत. राजस्थानातील दुसऱ्या विक्रियकाच्या सर्व ३०६ शीतक मार्गिका १९९४ ते १९९८ या काळात बदलून त्यांत निओबियमयुक्त मिश्रधातूच्या नळ्या बसविल्या गेल्या. झिर्कोनियमाच्या नळ्या हैदराबाद येथील आण्विक इंधन संकुलात तयार होतात. कल्पक्कम येथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या द्रुत प्रजनक चाचणी विक्रियकाने पोलादाच्या फुगण्याचा अभ्यास देशात शक्य केला, तर तेथील ५०० मेगॅवॉटच्या आदिरूप विक्रियकाच्या आवरणासाठी टिटॅनियमयुक्त डी-९ हे पोलाद निवडण्यात आले.

सद्यःस्थिती : अमेरिकेत ४० वर्षांसाठी दिलेले अनेक परवाने ६० वर्षांपर्यंत आणि काही बाबतींत ८० वर्षांपर्यंत वाढविण्यात आले आहेत. त्यामुळे कमी तांब्याच्या पोलादातही मँगॅनीज, निकेल व सिलिकॉन यांचे पुंज उशिरा बनतात काय, हा प्रश्न महत्त्वाचा झाला आहे. अणूंचे त्रिमितीय नकाशे काढणाऱ्या उपकरणांनी असे पुंज दाखविलेही आहेत. अणुकेंद्रीय संघटनावर (हलकी अणुकेंद्रे एकत्र येण्याच्या क्रियेवर) चालणाऱ्या भावी विक्रियकांत अडचण याहून मोठी आहे. तेथील न्यूट्रॉनांची ऊर्जा १·४ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट असते व त्यांमुळे पोलादात हीलियम भंजन विक्रियकांच्या तुलनेने पुष्कळ अधिक बनते. अशा न्यूट्रॉनांचा पुरेसा तीव्र झोत देणारे साधन अद्याप चालू झालेले नसल्याने त्या पोलादांची निवड संगणकी गणिते व आयनांच्या माऱ्याचे प्रयोग यांवरच विसंबून करावी लागते.

ग्रॅफाइटापासून दाबपात्रापर्यंतच्या या अनुभवांतून व्यवहारासाठी एक नियम निघतो. धातूत अखेर कोणते दोष साठतील हे त्याच्या मूळ घटनेवर इतके अवलंबून असते की, ओतकामाच्या वेळी केलेले रासायनिक विश्लेषण, जोडाच्या तारेची नोंद आणि बाजूला राखून ठेवलेला पोलादाचा तुकडा यांचे मोल पन्नास वर्षांनंतर एखाद्या नव्या उपकरणाहून अधिक ठरू शकते. ज्या केंद्रांनी हे जपले, त्यांना आपल्या पात्राचे वय सांगता येते. ज्यांनी जपले नाही, त्यांना सुस्थितीतील पात्रही सोडून द्यावे लागण्याची शक्यता असते.